न्हावा शेव्याच्या कामावर चालणारं ऑफिस सायबर हल्ल्यापासून कसं वाचवायचं: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

हा लेख न्हावा शेवा बंदरातल्या टर्मिनलसाठी नाही. तिथे स्वतंत्र आयटी विभाग असतो, तपासण्या होतात. हा आहे वाशी, नेरुळ, बेलापूरच्या सीएचए (कस्टम्सचं काम करणारे कस्टम्स ब्रोकर) आणि फॉरवर्डर (मालाची वाहतूक ठरवून देणारे) ऑफिसांसाठी, द्रोणागिरी आणि उरण पट्ट्यातल्या सीएफएससाठी (बंदराबाहेरची कंटेनर ठेवायची यार्डं) आणि कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टरांसाठी. जहाजावरून उतरलेल्या कंटेनरची माहिती सर्वांत जास्त हातांतून फिरते ती इथेच, आणि कुलूप सर्वांत ढिलं असतं तेही इथेच.

सुरक्षा करायची ठरली की बहुतेक ऑफिसांत काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी फायरवॉलचा डबा येतो, मग महागडा अँटिव्हायरस. बॅकअपचं 'बघू' म्हणून राहतं. आणि मालकाच्या डिजिटल सहीचं यूएसबी डोंगल, पिन लिहिलेल्या चिठ्ठीसकट, डॉक क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये तसंच पडून राहतं. खाली दिलेला क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे. पहिले तीन टप्पे जवळजवळ फुकटात होतात आणि सर्वाधिक नुकसान तेच वाचवतात.

'आम्ही नको ती लिंक उघडत नाही' हे उत्तर पुरेसं नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाची यंत्रणा कोलमडली, त्यात न्हावा शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही अडकलं. तो विषाणू आत शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. इथल्या कुणाच्या हातून काही चुकलं नव्हतं, तरी इथलं काम थांबलं. म्हणजे हल्ला टाळणं जितकं गरजेचं, तितकंच हल्ला झाल्यावर उभं राहता येणंही.

तयारी

एक माणूस नेमा. तो कॉम्प्युटरचा जाणकार नसला तरी चालेल. पण त्याने 'हा पासवर्ड आज बदलायचा' म्हटलं की तो आजच बदलला गेला पाहिजे, एवढा अधिकार त्याच्याकडे हवा. बाहेरून येणारा कॉम्प्युटरवाला ही जबाबदारी घेऊ शकत नाही, कारण कोणाला काय उघडता यावं हे ठरवणं धंद्याचं काम आहे. कस्टम्स ब्रोकरच्या २०१८ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्याने कामात केलेल्या चुकीची जबाबदारी ब्रोकरवर येते, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या दोन टप्प्यांसाठी कटऑफची (निर्यातीचा कंटेनर गेटवर पोचवायच्या शेवटच्या वेळेची) घाई नसलेली एखादी दुपार काढा. एक वही घ्या. कागदाची वही, एक्सेल नाही. कारण अडचणीच्या दिवशी एक्सेल उघडणारच नाही.

टप्पा १: काय काय आहे त्याची यादी

तीन पानं करा.

पहिल्या पानावर यंत्रं: प्रत्येक कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, वजनकाट्याचा कॉम्प्युटर. प्रत्येकासमोर विंडोजची आवृत्ती आणि ते इंटरनेटला जोडलेलं आहे की नाही.

दुसऱ्या पानावर लॉगिन: आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल), पोर्ट कम्युनिटी सिस्टिम (बंदराशी संबंधित सगळ्यांना जोडणारी यंत्रणा), शिपिंग लाइनचे पोर्टल, टर्मिनल आणि सीएफएसचे पोर्टल, ई-वे बिल, जीएसटी, बँक, ईमेल, टॅली. प्रत्येकासमोर: कोण वापरतं, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल बंद पडला तर काय.

तिसऱ्या पानावर बाहेरची माणसं: तुमच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरने लांबून शिरू शकणारे सगळे. सॉफ्टवेअरवाला, काट्याचा मेकॅनिक, सीसीटीव्हीवाला, जुना अकाउंटंट.

तपासा: दुसऱ्या पानावर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर किंवा ईमेल दिसतो का? आपल्या धंद्यात डॉक क्लार्क एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात सहज जातात, आणि ओटीपी मात्र जुन्याच नंबरवर जात राहतो. असं दिसलं तर पुढे वाचण्याआधी ते बदला.

टप्पा २: चाव्या आवळणं

क्रम असा: आधी ईमेल, मग डोंगल, मग पोर्टल. ईमेल आधी, कारण बाकी बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच रिसेट होतात. मेलबॉक्स दुसऱ्याच्या ताब्यात असताना आइसगेटचा पासवर्ड बदलून उपयोग नाही.

ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंग, फिल्टर आणि रूल उघडा. ही जागा फारसं कुणी बघत नाही. मेलबॉक्समध्ये शिरलेला माणूस लगेच काही करत नाही. तो एक नियम लावून ठेवतो, की 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर जावा. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. तुम्ही न लावलेला नियम सापडला तर आधी त्याचा फोटो काढा, मग पुसा, आणि मागच्या काही महिन्यांतले पेमेंटचे सगळे मेल टप्पा ३ प्रमाणे पडताळून घ्या.

डिजिटल सहीचं डोंगल ज्याच्या नावावर आहे त्याच्याच ताब्यात हवं. 'साहेब साइटवर असतात, सही कोण करणार' ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या अधिकृत माणसाच्या नावाने वेगळी डिजिटल सही काढणं. साहेबांचं डोंगल फिरवणं हा उपाय नव्हे. काम झालं की डोंगल काढून कुलपात. ते दिवसभर कॉम्प्युटरला लावून ठेवलं, तर लांबून शिरलेल्या माणसालाही तुमच्या नावाने सही मारता येते, कारण पिन टाइप होताना त्याने टिपलेला असतो.

पोर्टलवर जिथे सोय असेल तिथे प्रत्येकाला स्वतंत्र युजर द्या. एकच लॉगिन पाच जण वापरत असतील तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) कोणी बदललं हे कधीच कळणार नाही.

सावधान: माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी, शेवटचा हिशेब होण्याआधी, त्याचे सगळे लॉगिन बंद झाले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही काढा.

टप्पा ३: 'आमचं बँक खातं बदललं आहे'

बंदराशी संबंधित छोट्या ऑफिसांचं सर्वांत थेट नुकसान इथे होतं. परदेशातल्या एजंटचा किंवा फॉरवर्डरचा मेल येतो: ऑडिट चालू आहे, यापुढे फ्रेट (जहाजाचं भाडं) नव्या खात्यात पाठवा. मेलमध्ये खरा बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) नंबर, खरी रक्कम, खऱ्या जहाजाचं नाव. कारण लिहिणारा दोघांतल्या एकाच्या मेलबॉक्समध्ये कित्येक दिवस बसून वाचत असतो. कधी मेलचा पत्ता हुबेहूब दिसणारा असतो: इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. मोबाइलच्या स्क्रीनवर तो फरक दिसत नाही. कधी तर पत्ताही अगदी खराच असतो, म्हणून नुसता पत्ता तपासून भागत नाही.

नियम एकच आणि तो मालकालाही लागू: खातं बदललं की फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर. ओळखीच्या माणसाशी बोलून खात्याचे शेवटचे चार आकडे त्याच्याकडून वदवून घ्या. तुम्ही वाचून 'बरोबर ना?' असं विचारू नका. मग दुसऱ्या माणसाने मंजुरी द्यायची. एक रुपया पाठवून बघणं ही पडताळणी नव्हे. ठगाच्या खात्यातही रुपया जमा होतोच.

घाई हीच खूण आहे. 'आज पैसे आले नाहीत तर डीओ (माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर) मिळणार नाही' असं मेलमध्ये असेल तर फोन करायलाच हवा.

टप्पा ४: डीओ, फॉर्म १३ आणि व्हॉट्सअ‍ॅप

माहिती म्हणजे माल. अँटवर्प बंदरात अमली पदार्थांच्या टोळीने हॅकरांकरवी कंटेनर सोडण्याचे कोड मिळवले आणि खऱ्या मालकाच्या आधी आपले ट्रक पाठवून कंटेनर उचलले. हे प्रकरण २०१३ मध्ये उघडकीला आलं. त्यासाठी त्यांनी ऑफिसांत घुसून कीबोर्डवर टाइप होणारं टिपणारी उपकरणंही बसवली होती.

आपल्याकडे डीओची पीडीएफ, गेट पास, फॉर्म १३ (निर्यातीचा कंटेनर टर्मिनलमध्ये आत न्यायचा कागद), ड्रायव्हरचं लायसन्स, सील नंबर हे सगळं एकाच ग्रुपवर पडतं आणि त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे ग्रुप काढणाऱ्यालाही आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप सोडा असं म्हणण्यात अर्थ नाही, गेटवर ड्रायव्हर उभा असताना तेच चालतं. पण एवढं करा: प्रत्येक पार्टीसाठी वेगळा ग्रुप, महिन्यातून एकदा सदस्यांची छाननी, आणि कंटेनर रिकामा परत गेला की ग्रुप बंद. ट्रेलरचा नंबर आणि ड्रायव्हर ऐनवेळी बदलला तर तो निरोप ट्रान्सपोर्टरच्या ठरलेल्या माणसाकडून फोनवर पक्का झाल्याशिवाय गेट पास पुढे द्यायचा नाही.

टप्पा ५: बॅकअप, आणि तो परत आणून बघणं

दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या, त्यांवर 'अ' आणि 'ब' लिहा. एका आठवड्यात 'अ', पुढच्या आठवड्यात 'ब'. कॉपी झाली की केबल काढायची. जी वापरात नाही ती ऑफिसबाहेर ठेवायची. टॅलीचा डेटा, जॉब फाइल्स, मेल आणि केवायसीची कागदपत्रं त्यात हवीत. कस्टम्स ब्रोकरला नोंदी किमान पाच वर्षं जपायच्या असतात, तेव्हा जुनी वर्षंही विसरू नका.

इथल्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: हार्ड डिस्क कायम जोडलेली. रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारा विषाणू) जोडलेली प्रत्येक डिस्क आणि नेटवर्कवरचं प्रत्येक शेअर्ड फोल्डर कुलूपबंद करतं, त्यामुळे तो बॅकअप त्याच क्षणी जातो. दुसरी: 'सगळं ड्राइव्हवर आहे'. आपोआप जुळणी करणारं क्लाउड फोल्डर हा बॅकअप नाही. तुमच्याकडची फाइल बिघडली की वरची प्रतही तशीच बिघडते. जुन्या आवृत्त्या मागे जाऊन मिळतात का आणि किती दिवसांच्या, ते आधीच बघून ठेवा.

आता खरी परीक्षा. नेटवर्कला न जोडलेला एक लॅपटॉप घ्या. मागच्या महिन्यातली एक जॉब फाइल निवडा. डिस्कवरून ती परत आणा: बीएल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, चेकलिस्ट, बिल ऑफ एंट्रीची प्रत. टॅलीची कंपनी उघडून त्याच जॉबचं बिल काढा. घड्याळ लावा. लागलेला वेळ वहीत लिहा, कारण पार्टीला 'कधी सुरू होणार' हे सांगताना तोच आकडा कामाला येतो.

तपासा: ही परीक्षा तीन महिन्यांतून एकदा. परत आणून न बघितलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

टप्पा ६: गेट, वजनकाटा आणि यार्ड

हा टप्पा सीएफएस आणि मोठ्या यार्डांसाठी. बाकीच्यांनी सीसीटीव्हीपुरता वाचावा.

वजनकाट्याचा कॉम्प्युटर बहुधा सर्वांत जुना असतो आणि तो बदलायला काट्याचा मेकॅनिक तयार नसतो. हरकत नाही, पण मग त्याचं इंटरनेट काढा. सीसीटीव्ही, हजेरी मशीन आणि पाहुण्यांचं वायफाय एका नेटवर्कवर, ऑफिस दुसऱ्या आणि गेट-काटा तिसऱ्या नेटवर्कवर ठेवा. साधा राउटर हे करू शकत नसेल तर खर्च करण्याची जागा हीच. डीव्हीआर आणि राउटरचा कंपनीतून आलेला पासवर्ड बदला. मेकॅनिकला लांबून शिरायचं असेल तर फोन करून वेळ ठरवायची, काम झालं की ते सॉफ्टवेअर बंद. रात्रभर चालू ठेवलेलं एनीडेस्क म्हणजे उघडं ठेवलेलं मागचं दार.

अपडेटबद्दल एक अडचण मान्य करायला हवी. डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर विंडोजच्या अपडेटनंतर कधी कधी चालेनासं होतं, म्हणून पुष्कळ ऑफिसांनी अपडेटच बंद करून टाकली आहेत. त्यापेक्षा अपडेट आधी सुट्या लॅपटॉपवर (तो कसा ठेवायचा ते टप्पा ८ मध्ये) करा, एक सही मारून बघा, चाललं की बाकीच्यांवर.

टप्पा ७: जहाजावर जाणाऱ्यांसाठी

शिप एजंट, सर्व्हेअर, सर्व्हिस इंजिनिअर: तुमचा पेन ड्राइव्ह तुमच्या ऑफिसचा विषाणू जहाजावर नेतो आणि जहाजाचा परत आणतो. जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशांची अपडेटही अनेकदा यूएसबीनेच होतात, म्हणून धोका तिथे मोठा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरावानुसार १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक पडताळणीपासून जहाज कंपन्यांच्या सुरक्षा व्यवस्थापनात सायबर जोखीम धरली जाणं अपेक्षित आहे. तेव्हा कॅप्टनने पेन ड्राइव्ह लावू दिला नाही तर वाद घालू नका.

कागद ऑफिसातूनच छापून न्या. न्यावाच लागला तर जहाजासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, जाण्याआधी आणि आल्यावर सुट्या लॅपटॉपवर तपासा. जहाजाच्या कॉम्प्युटरवर मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही.

टप्पा ८: कॉम्प्युटरशिवाय दिवस काढणं

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो. जुलै २०२३ मध्ये रॅन्समवेअरमुळे जपानच्या नागोया बंदरातलं कंटेनरचं काम दोन दिवसांहून अधिक थांबलं. टर्मिनल बंद पडलं तर तुम्ही काही करू शकत नाही. पण टर्मिनल चालू आणि तुमचंच ऑफिस बंद, अशा दिवशी डेमरेज आणि डिटेंशनचं (कंटेनर मुदतीपलीकडे ठेवल्याच्या आकाराचं) मीटर तुमच्यासाठी थांबत नाही.

रोज संध्याकाळी सहा वाजता एक पान छापा. चालू असलेल्या प्रत्येक कंटेनरची एक ओळ: कंटेनर नंबर, २० की ४० फुटी, सील नंबर, लाइन, बीएल किंवा शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स अर्ज) नंबर, डीओ कधीपर्यंत चालतो, फ्री (बिनआकाराचे) दिवस कधी संपतात, निर्यातीचा असेल तर गेट कटऑफ आणि व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन) दिलं की नाही, ट्रेलर नंबर, ड्रायव्हरचा फोन, पार्टीचा फोन. एक प्रत ऑफिसात, एक नेमलेल्या माणसाच्या घरी. कालचं पान आज फाडून टाका, कारण त्यावरही माल सोडवण्याइतकी माहिती असते.

हाताने लिहिताना कंटेनर नंबरमधला आकडा चुकतो आणि ट्रेलर गेटवरून परत येतो. त्यासाठी शेवटचा, चौकोनातला आकडा वापरा. तो तपासणीसाठीच दिलेला असतो. पद्धत अशी: चार अक्षरांना आकडे द्या. ए म्हणजे १०, आणि पुढे चढत जाताना ११, २२, ३३ वगळायचे. म्हणून बी १२, के २१, एल २३, यू ३२, व्ही ३४. मग दहाही जागांच्या आकड्यांना क्रमाने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा. बाकी हाच शेवटचा आकडा. बाकी १० आली तर ०. उदाहरणार्थ सीएसक्यूयू ३०५४३८: १३, ६०, ११२, २५६, ४८, ०, ३२०, ५१२, ७६८, ४०९६ यांची बेरीज ६१८५, अकराने भागल्यावर बाकी ३. म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८३. अक्षरांचा तक्ता छापून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवा, साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

कस्टम्सची फाइलिंग मात्र हाताने होत नाही. त्यासाठी तो सुटा लॅपटॉप: सहीचं सॉफ्टवेअर बसवलेला, ऑफिसच्या नेटवर्कला कधीही न जोडलेला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारा. वर्षातून दोनदा, काम कमी असलेल्या दिवशी, ऑफिसचं नेट दोन तास बंद ठेवून छापलेलं पान आणि हा लॅपटॉप एवढ्यावरच काम करून बघा. काय अडलं ते वहीत लिहा. पहिल्यांदा बरंच अडेल.

टप्पा ९: हल्ला झाला त्या दिवशी

वहीच्या पहिल्या पानावर हा क्रम हवा.

१. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, सगळ्या कॉम्प्युटरचं. मशीन बंद करू नका; तपासाला लागणारा पुरावा मेमरीत असतो. नेटवर्क तोडणं शक्यच नसेल आणि फाइल्स डोळ्यांदेखत जात असतील, तरच प्लग काढा.

२. स्क्रीनचा फोटो मोबाइलने काढा, वेळ लिहा.

३. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि बँकेला फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. त्यानंतर नवी मुंबई पोलिसांच्या सायबर ठाण्यात तक्रार.

४. स्वच्छ मोबाइलवरून ईमेल, आइसगेट, बँक या क्रमाने पासवर्ड बदला. डोंगल त्या कॉम्प्युटरला लावलेलं असेल तर सही देणाऱ्या संस्थेला कळवून ते प्रमाणपत्र रद्द करा.

५. लाइन, सीएफएस, टर्मिनल, ट्रान्सपोर्टर, पार्टी यांना वहीतल्या नंबरवरून कळवा: 'आमच्या मेलवरून आलेलं काही उघडू नका, खातं बदलल्याचा मेल आला तर तो आमचा नाही.' अब्रूच्या भीतीने हे लपवलं की पुढचा बळी तुमचाच ग्राहक ठरतो. लाइनला लेखी कळवा. डिटेंशनची सवलत मिळेलच असं नाही, पण वेळेत कळवलेलं असलं तर मागायला आधार राहतो.

६. सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. याच निर्देशांत यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे, म्हणून राउटर आणि सर्व्हरचे लॉग किती दिवस टिकतात ते आजच बघा.

७. नेमलेल्या माणसाने छापलेलं पान आणि सुटा लॅपटॉप घेऊन काम सुरू करावं.

सावधान: खंडणी मागणाऱ्याशी स्वतः चॅट सुरू करू नका. पैसे देऊन फाइल्स परत मिळतीलच याची कसलीही हमी नसते. 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. तुमचा प्रकार त्यात आहे का ते तपासून घ्या.

परत उभं राहताना

सर्वांत घातक चूक इथे होते: कॉम्प्युटरवाला येतो, त्याच मशीनवर अँटिव्हायरस फिरवतो, 'साफ झालं' म्हणतो आणि लगेच बॅकअपची डिस्क जोडली जाते. आत काही शिल्लक असेल तर ती डिस्कही जाते. म्हणून मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, नवी लावा, विंडोज नव्याने टाका, अपडेट करा, सगळे पासवर्ड पुन्हा बदला आणि मगच बॅकअप जोडा. तोही आधी एकाच मशीनवर. ते एक दिवस नीट चाललं की दुसरं.

परत आणताना क्रम धंद्याचा ठेवा: ज्या कंटेनरचे फ्री दिवस आधी संपतात आणि ज्यांचा कटऑफ जवळ आहे त्यांच्या फाइल्स आधी, हिशेब नंतर, जुनी वर्षं सर्वांत शेवटी. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी ईमेलचे फॉरवर्डिंग नियम आणि आपल्या नावाने झालेली फाइलिंग बघा. तुम्ही न केलेलं एक जरी शिपिंग बिल दिसलं, तर त्याच दिवशी आइसगेटच्या मदत कक्षाला आणि कस्टम्सला लेखी कळवा, आणि पोचपावती वहीत लावा.